‘मेहेम’ म्हणजे नुसता गोंधळ नव्हे

इंग्रजी वृत्तपत्रांना ‘मेहेम’ हा शब्द फार आवडतो. मोर्चावर लाठीमार झाला की मेहेम. पावसाने लोकल बंद पडल्या की मेहेम. एका षटकात चार षटकार बसले तरी मेहेमच! शब्दकोशात अर्थ मिळतो धुमाकूळ, हाहाकार. तो चूक नाही. पण आम्ही वकील मंडळी हा शब्द जुन्या कायद्याच्या पुस्तकांतून ओळखतो, आणि तिथे तो तोडलेल्या हाताचा शब्द आहे.

जुन्या फ्रेंच वळणाच्या कायद्याच्या भाषेतून तो इंग्रजीत आला. अपंग करणे या अर्थाचा ‘मेम’ हा त्याचा सख्खा भाऊ. ब्लॅकस्टोनच्या १७६५ ते १७६९ मधील भाष्यात व्याख्या स्पष्ट आहे: माणसाला लढण्यासाठी लागणारा अवयव निकामी करणे म्हणजे मेहेम. हात, बोट, डोळा, पुढचा दात गेला तर मेहेम. नाक किंवा कान कापला तर मात्र नाही! त्यांच्यावाचून लढता येते ना. माणूस विद्रूप झाला याचे कायद्याला सोयरसुतक नव्हते.

सर एडवर्ड कोक यांनी पहिल्या जेम्स राजाच्या काळातील एक खटला नोंदवला आहे. एका धडधाकट तरुणाने भीक बरी मिळावी म्हणून सोबत्याकडून स्वतःचाच डावा हात तोडून घेतला. दोघेही दोषी ठरले. हात त्याचा, पण त्यावर हक्क राजाचा! पुढे सर जॉन कॉव्हेंट्री या खासदाराने दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नटींच्या नादावर पार्लमेंटात टोमणा मारला. डिसेंबर १६७० मध्ये राजाच्या रक्षक दलातील लोकांनी त्याचे नाक चिरले. मग नाक चिरणाऱ्याला देहदंड देणारा कायदा तातडीने झाला. गरिबाच्या नाकासाठी तो झाला असता काय?

आपल्या १८६० च्या दंडसंहितेने हा शब्द घेतला नाही. तिथे ‘जबर दुखापत’ आली. कलम ३२० मध्ये चेहऱ्याची कायमची विद्रूपता आली, आणि ज्या दुखापतीने माणूस वीस दिवस नित्याचे काम करू शकत नाही तीही आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ ने वीसाचे पंधरा दिवस केले. इथे मोजमाप राजाच्या लढाईचे नाही, माणसाच्या रोजच्या कामाचे आहे. हातावर पोट असणाऱ्याला या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि वृत्तपत्रांतला मेहेम? वस्तीवर हल्ला होतो, घरे जळतात, दुसऱ्या दिवशी मथळा येतो की गावात मेहेम माजला. कोणी मारले? कोणाला? या शब्दाला आता कर्ता लागतच नाही. पाऊस आणि जमाव एकाच पंगतीला बसतात. जुन्या इंग्लंडमध्ये निदान न्यायाधीश जखम स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नुकसानभरपाई वाढवू शकत.

फिर्याद देताना आपला एखादा कार्यकर्ता ‘साहेब, खूप गोंधळ झाला’ असे सुरू करतो, तेव्हा मी त्याला तिथेच थांबवतो. कोणाचा हात, डावा की उजवा, कोणी मोडला, कशाने, ते आधी लिहा म्हणतो.