कुत्र्याच्या त्वचेवरील गाठी

कुत्र्याच्या त्वचेवरील गाठी : त्वचेत किंवा तिच्याखालील ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) निर्माण होणारा व हाताला वेगळा जाणवणारा उंचवटा म्हणजे गाठ होय. ती अर्बुदच (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे झालेली गाठ) असते असे नाही. चाव्यानंतर झालेले गळू, तेलग्रंथी तुंबून झालेली पुटी, इतकेच नव्हे तर रक्त पिऊन फुगलेली गोचीडही गाठ वाटते. गोचिडीचे पाय केस बाजूला सारल्यास दिसतात. इतर गाठींचे स्वरूप मात्र केवळ पाहून वा चाचपून, अनुभवी पशुवैद्यालाही, निश्चित सांगता येत नाही.

प्रौढ व विशेषतः लठ्ठ कुत्र्यांत वसार्बुद (चरबीची गाठ) पुष्कळ आढळते. ते मऊ, वेदनारहित व त्वचेखाली सरकणारे असते आणि हालचालीस अडथळा होत नसल्यास काढावे लागत नाही. परंतु हेच वर्णन काही वेळा मास्ट कोशिका अर्बुदालाही लागू पडते व ते मारक ठरू शकते. ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत भाग घेणाऱ्या या कोशिकांना पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये नाव दिले. त्यांच्या कणिकांत हिस्टामीन व हेपारीन असतात. त्यामुळे गाठ चोळली असता ती लाल होऊन सुजते व नंतर आक्रसते. गाठ ओसरली असे समजून मालक निश्चिंत होतो व मोलाचा काळ वाया जातो. हिस्टामिनामुळे जठरात व्रण होऊन उलट्या होतात, शौचास काळे होते. बॉक्सर, पग व लॅब्रॅडॉर या जातींत हे अर्बुद अधिक आढळते. हळदीच्या लेपाने फारसे बिघडत नाही, दिवस तेवढे जातात. गाठ पिळणे किंवा तिच्या बुडाशी दोरा आवळणे मात्र घातक होय.

तीन वर्षांखालील कुत्र्याच्या डोक्यावर, कानावर वा पायावर गुंडीसारखी तांबूस गाठ झपाट्याने वाढल्यास ती बहुधा हिस्टिओसायटोमा असते. ती सामान्यतः एक ते तीन महिन्यांत आपोआप नाहीशी होते.

गाठ आढळताच तिची जागा, मोजमाप व तारीख लिहून ठेवावी. ती १ सेंमी.पेक्षा मोठी असल्यास, महिनाभर टिकल्यास, वाढत असल्यास वा फुटल्यास ‘पाहू पुढे’ म्हणणे योग्य नव्हे. पशुवैद्य बारीक सुईने थोड्या कोशिका ओढून काचपट्टीवर पसरतात व अभिरंजन करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. यास बहुधा भूल लागत नाही. ही तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी. भारतातील मोकाट कुत्र्यांत नेहमी आढळणारे सांसर्गिक मैथुनजन्य अर्बुद जिवंत कोशिकांद्वारे एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. जननेंद्रियाप्रमाणेच ते नाकातोंडाभोवती व त्वचेवरही होते. व्हिंक्रिस्टिनाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) आठवड्याच्या अंतराने दिल्यास ते बहुधा बरे होते. चाकूची गरज क्वचितच पडते.

मास्ट कोशिका अर्बुद मात्र कापूनच काढावे लागते. त्याभोवतीची २ ते ३ सेंमी. निरोगी त्वचा व तळाचा पापुद्राही काढतात. ही संधी पहिल्याच शस्त्रक्रियेत उत्तम साधते. अपुऱ्या कापणीनंतर गाठ पुन्हा उद्‌भवू शकते. म्हणून काढलेली संपूर्ण गाठ ऊतक-परीक्षणासाठी पाठवून कडा निर्दोष असल्याची खात्री करून घ्यावी व जवळच्या लसीका ग्रंथीही तपासाव्यात. कापणे अवघड असलेल्या काही गाठींसाठी ऑस्ट्रेलियातील एका वर्षावनवृक्षाच्या बियांपासून मिळणारे टिगिलॅनॉल टिग्लेट हे औषध थेट गाठीत टोचतात. त्यास २०२० मध्ये यूरोपात व अमेरिकेत मान्यता मिळाली.