बाण झेलणाऱ्या मिशनचा कायदा

२४ डिसेंबर १८९९ च्या रात्री, नाताळच्या तोंडावर, आजच्या झारखंडातल्या छोटानागपूर भागातल्या सरवदा मिशनवर बाण सुटले. सोडणारे इंग्रजांविरुद्ध बंड पुकारणारे आदिवासी नेते बिरसा मुंडा यांचे अनुयायी होते आणि मिशनचे प्रमुख होते फादर जॉन हॉफमन, मुंडा आदिवासींची मुंडारी भाषा अस्खलित बोलणारे येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू. बिरसांच्या चळवळीचे ते उघड विरोधक. तरीही पुढे मुंडांच्या जमिनी राखणारा कायदा झाला, त्यामागे अभ्यास होता तो याच गृहस्थांचा!

छोटानागपुरातल्या येशूसंघाच्या कामाला त्याआधी खरी गती दिली होती बेल्जियमच्या फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांनी. १८८५ मध्ये ते तोरपाला आले तेव्हा मुंडा आणि उरांव रयत जमीनदारांच्या वाढीव खंडाने आणि वेठबिगारीने पिचली होती. लिव्हन्स यांनी बायबलबरोबर कायद्याची पुस्तकंही उघडली. कायद्याने लागू असेल तेवढाच खंड भरा आणि पावती घ्या, हा त्यांचा सल्ला. कज्जे जिंकता येतात हे दिसल्यावर गावंच्या गावं बाप्तिस्मा घेऊ लागली. यात श्रद्धा किती आणि वकिलीची गरज किती, ही शंका रास्तच आहे. निव्वळ परोपकार म्हणून या कामाचे गोडवे गाऊ नयेत. क्षयाने खंगलेले लिव्हन्स मायदेशी परतले आणि १८९३ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी वारले.

एकेक कज्जा लढून किती पुरं पडणार? हॉफमन यांनी मुळालाच हात घातला. मुंडांची रीत खुंटकट्टीची: ज्या पूर्वजांनी जंगल तोडून गाव वसवलं, त्यांच्या कुळाची जमिनीवर सामाईक मालकी. पुरावा म्हणजे गावातली सासनदिरी, पूर्वजांच्या अस्थींवर आडव्या टाकलेल्या दगडी शिळा. तोच मुंडांचा सातबारा. पण कोर्ट कागद मागे. हॉफमन आणि सरकारी अधिकारी लिस्टर यांनी ही सारी व्यवस्था टिपणात मांडली आणि १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याने खुंटकट्टीला मान्यता दिली. अर्थात, उलगुलानाचा, म्हणजे बिरसांच्या बंडाचा, धसका घेतला नसता तर इंग्रज सरकार एवढं हललं नसतं. श्रेयाचा पहिला मान त्या बंडाचाच.

१९०९ मध्ये हॉफमन यांनी सावकारीवर उतारा म्हणून सहकारी पतसंस्था काढली. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना भारत सोडावा लागला. १९२८ मध्ये ते जर्मनीत वारले, तोवर मुंडारी ज्ञानकोशाची सामग्री जमली होती. सहकाऱ्यांनी तो पुरा केला. त्याचे तेराहून अधिक खंड आहेत.

१९०८ च्या त्या कुळकायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक झारखंड विधानसभेने २०१६ मध्ये मंजूर केलं, तेव्हा आदिवासींनी मोठं आंदोलन केलं. २०१७ मध्ये तत्कालीन राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ते परत पाठवलं. कायदा आजही लागू आहे.