धूळ खाली बसल्यानंतर

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्राचे दोन मनोरे कोसळले, हे आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. त्या दिवशी शहराच्या अग्निशामक दलाचे ३४३ जण मरण पावले. त्यानंतरची एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. त्या धुळीमुळे झालेल्या आजारांनी मरण पावलेल्या याच दलातील माणसांची संख्या सप्टेंबर २०२३ मध्ये ३४३ वर पोहोचली, आणि नंतर ती त्यापुढे गेली. म्हणजे त्या एका सकाळी जितके गेले तितकेच पुढच्या बावीस वर्षांत गेले. हे कसे झाले, ते कळले कसे, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या कर्मचारीकपातीचा याच्याशी काय संबंध, हे या लेखात पाहू.

आधी धुळीबद्दल. शंभराहून अधिक मजल्यांच्या दोन इमारतींचे काँक्रीट, जिप्समचे तक्ते, काच आणि काचतंतू काही सेकंदांत दळले गेले. त्यात ॲस्बेस्टॉस होते, शिसे होते, आणि ढिगाऱ्याखाली डिसेंबरपर्यंत धुमसणाऱ्या आगीतून निघालेली कर्करोगकारक संयुगे होती. पण सुरुवातीचा खोकला मुख्यतः एका साध्या कारणाने झाला असावा. सिमेंट आम्लारिधर्मी असते. त्या धुळीच्या नमुन्यांचा सामू साधारण ९ ते ११ भरला. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर सिमेंट कालवलेल्या पाण्याचा थेंब टाकून पाहा (हाताने चोळू नका), कागद लालसर होईल. तोच आम्लारी श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर बसला, की ते भाजल्यासारखे होते.

येथे जीवशास्त्राच्या शिक्षकांना एक शंका येईल. धुळीचे मोठे कण नाकातच अडतात असे आपण मुलांना शिकवतो. ते खरेच आहे, आणि वजनाने पाहिले तर या धुळीचा बहुतेक भाग मोठ्या कणांचाच होता. पण ढिगारे उपसताना माणूस धापा टाकतो आणि तोंडाने श्वास घेतो. मग नाकाची चाळणी बाजूला राहते. शिवाय धूळ इतकी होती की शंभरातला एखादा कण खोलवर गेला तरी पुरे. चांगले श्वसनमुखवटे पहिल्या दिवसांत फार थोड्यांकडे होते. त्यातच १८ सप्टेंबरला तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हवा श्वसनास सुरक्षित असल्याचे जाहीर केले. असे सांगण्याइतकी माहिती तेव्हा हाती नव्हती, असा निष्कर्ष त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी २००३ मध्ये काढला.

आता मुख्य मुद्दा. अग्निशामक दलाच्या लोकांची फुप्फुसे बिघडली हे कळले कसे? तुम्ही म्हणाल, तपासली आणि कळले. ते इतके सोपे नाही. जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे स्पायरोमीटर नावाचे यंत्र मोजते. निरोगी प्रौढ पुरुषात ती चार लिटरच्या आसपास असते. पण माणसामाणसांत फरक फार. वय, उंची आणि लिंग यांवरून जे अपेक्षित मूल्य काढतात, त्याच्या ८० ते १२० टक्क्यांमध्ये काहीही आले तरी ते ढोबळपणे ठीक धरतात. आगीशी झुंजणारी माणसे तर निवडूनच घेतलेली, धडधाकट. समजा एखाद्याचे मूल्य १०८ टक्के होते आणि ते ९७ वर आले. डॉक्टर आकडा पाहून म्हणणार, तुम्ही उत्तम आहात. त्याला मात्र दोन जिने चढले की दम लागतो.

न्यूयॉर्कच्या दलात दर एक-दीड वर्षाने प्रत्येकाची ही चाचणी आधीपासूनच होत असे. आपत्तीसाठी नव्हे, नोकरीचा नियम म्हणून. त्यामुळे प्रत्येकाचा ‘आधीचा’ आकडा दप्तरी होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२,७८१ जणांच्या अशा नोंदी ताडून पाहिल्या. कधीही धूम्रपान न केलेल्या जवानांची क्षमता पहिल्याच वर्षात सरासरी ४३९ मिलिलिटरने घटली होती. वाढत्या वयाने आपल्या सर्वांचीच क्षमता वर्षाला सुमारे तीस मिलिलिटर घटते. म्हणजे ही माणसे एका वर्षात चौदा-पंधरा वर्षांनी म्हातारी झाली! पुढच्या सहा-सात वर्षांतही सरासरी भरून आली नाही. आधीच्या नोंदी नसत्या तर यातले बरेचसे ‘ठीक’ या खान्यात गेले असते.

हे वर्गात दाखवता येईल. पाच लिटरचा पारदर्शक कॅन पाण्याने भरून टबात उलटा धरा, नळी आत घाला आणि मुलांना एका श्वासात फुंकायला सांगा. किती पाणी हटले त्यावर खुणा करा. (हे पहिल्या सेकंदाचे माप नाही, पण कल्पना येण्यास पुरेसे आहे.) मग विचारा : संजयने अडीच लिटर हवा फुंकली, तर त्याची फुप्फुसे बिघडली आहेत का? मुले वाद घालतील, आणि थोड्या वेळाने कोणीतरी विचारेल, ‘गेल्या वर्षी किती होती?’

आजारांचा दुसरा गट उशिरा येणारा. कर्करोगाचे बीज पडणे आणि गाठ दिसणे यांत वर्षे जातात. तिथल्या आरोग्य कार्यक्रमाने याचे किमान कालावधी ठरवले आहेत : ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या मेसोथेलिओमाला ११ वर्षे, बहुतेक घन गाठींना ४ वर्षे, थायरॉईडला अडीच वर्षे, रक्ताच्या कर्करोगांना जेमतेम पाच महिने. याआधी निदान झाले तर त्याचे कारण ती धूळ मानत नाहीत. २०१२ मध्ये कर्करोगांचा या कार्यक्रमाच्या यादीत समावेश झाला, पण गर्भाशयाचा कर्करोग यादीत यायला जानेवारी २०२३ उजाडले. अभ्यासल्या गेलेल्या कामगारांत स्त्रिया थोड्या होत्या, आणि थोड्या संख्येतून संख्याशास्त्र पटकन बोलत नाही.

हा आरोग्य कार्यक्रम जानेवारी २०११ मध्ये झालेल्या कायद्यान्वये सुरू झाला. २०१५ मध्ये त्याची मुदत २०९० पर्यंत वाढवली गेली. त्यात आज १,३०,००० हून अधिक लोक नोंदलेले आहेत : अग्निशामक, पोलिस, राडारोडा उचलणारे मजूर, आणि त्या भागात राहणारे, शिकणारे, नोकरी करणारे. रुग्णाला तपासतात रुग्णालयांतले डॉक्टर. पण हा आजार त्या धुळीशी निगडित आहे, यावर मोहोर उठवतात ‘नायॉश’ या केंद्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे डॉक्टर. संपर्क किती होता, निदान कधी झाले, आजार यादीत आहे का, हे ते तपासतात. ही मोहोर उठल्यावर त्या आजाराच्या उपचारांचा खर्च कार्यक्रम उचलतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या कार्यक्रमाच्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा कमी केला गेला. ओरड झाली, तीही दोन्ही पक्षांकडून, आणि त्यांना परत बोलावले. मार्चअखेर आरोग्य खात्याने आपली माणसे ८२,००० वरून ६२,००० वर आणण्याची योजना जाहीर केली. कार्यालये एकत्र केली की दुहेरी काम आणि खर्च वाचतो, असे खात्याचे म्हणणे होते. १ एप्रिलला नोटिसा निघाल्या. नायॉशच्या सुमारे दोन तृतीयांश लोकांवर गदा आली. हा कार्यक्रम चालवणारे संचालक डॉ. जॉन हॉवर्ड हेही त्यात होते. त्यांना काही दिवसांत परत घेतले, मे महिन्यात आणखी तीनशेहून अधिक जणांना. पण मधल्या काळात नवी नोंदणी आणि नव्या आजारांवरची मोहोर अडून राहिली, असे रुग्णांच्या संघटनांनी आणि न्यूयॉर्कच्या लोकप्रतिनिधींनी सांगितले.

यात लक्षात घेण्यासारखे असे, की उपचारांचा पैसा कोणी काढून घेतला नव्हता. कायद्याने तो दिलेला होताच. रुग्णालये उघडी होती, डॉक्टर होते, औषधे होती. नव्हते ते मधल्या टेबलावरचे. बाहेरून पाहणाऱ्याला ही माणसे कारकुनी वाटतात आणि कपातीच्या यादीत ती सहज बसतात. आधीपासून उपचार चालू असलेल्यांना फरक कमी जाणवला असेल, पण ज्याला एप्रिलमध्ये गाठ असल्याचे कळले त्याच्यासाठी सही करणारा माणूस नव्हता. मला हा प्रकार काटकसरीचा वाटत नाही. काय मोडते ते न पाहता केलेली ती छाटणी होती.

शास्त्रज्ञ म्हणून मला दुसरीही काळजी वाटते. शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद आठवडाभर राहिली, तर तो पाऊस नंतर मोजता येत नाही. माणसांच्या तपासण्यांचे तसेच आहे. याच नायॉशकडे अग्निशामकांच्या कर्करोगाची राष्ट्रीय नोंदवही आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिच्यात नावे घेणे सुरू झाले आणि दोन वर्षांनी, कपातीनंतर, नावनोंदणी बंद पडली. आपल्याकडे भोपाळच्या वायुकांडाचा असाच अनुभव आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तिथले दीर्घकालीन अभ्यास १९९४ मध्ये, म्हणजे अवघ्या दहा वर्षांत, थांबवले. त्यानंतरच्या वर्षांबद्दलचे पुष्कळ प्रश्न आजही वादातच आहेत.

न्यूयॉर्कमध्ये आणखी एक गट आहे, त्या वेळच्या मुलांचा. २००१ साली जे २१ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते, त्यांचा वेगळा अभ्यास करण्याची तरतूद अमेरिकी संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये केली. जवळपासच्या शाळांत शिकणारी ती मुले आता पंचविशी-तिशी ओलांडून गेली आहेत. अग्निशामकांसारखा ‘आधीचा’ आकडा त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ नाही. त्यामुळे धुळीपासून दूर राहिलेली, त्याच वयाची माणसे शोधून त्यांच्याशी तुलना करावी लागेल, आणि तीही अनेक वर्षे, मध्ये खंड न पडू देता.