थोरांचा जमाखर्च

थोर पुरुषाच्या ठिकाणी एक वैगुण्य दिसताच त्याची सारी थोरवी बुडीत खाती टाकणारे टीकाकार पुष्कळ आहेत. न्यायमूर्ति रानडे विधवाविवाहाचे कैवारी. पण १८७३ साली प्रथम पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी ११ वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. हा दोष आम्ही झाकीत नाही. परंतु घरच्या बायकांचा रोष असताही त्याच रमाबाईंस त्यांनी शिकविले; आणि १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले, ते रमाबाईंच्या नेतृत्वाखाली. निर्दोष मूर्तीस मनुष्य दुरून नमस्कार करून मोकळा होतो; चुकून सावरलेल्या माणसाचा कित्ता मात्र त्यास गिरविता येतो. एका सौद्यात खोट आली म्हणून शहाणा व्यापारी चोपडी फाडीत नाही; जमा व नावे दोन्ही पाहूनच शिल्लक काढतो. थोरांचा हिशेब आमच्या वाचकांनी असाच करावा.