फ्रँक हार्ट : लोकगीतसंग्रह आणि आयर्लंडचा अलिखित इतिहास

प्रस्तावना

इतिहासलेखनात लिखित दस्तऐवजाला प्रमाण मानले जाते. परंतु ज्यांच्या हाती लेखणीच नव्हती, अशा जनसमूहांच्या अनुभवाची नोंद कोठे शोधावयाची, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. आयर्लंडमधील पारंपरिक गायक व गीतसंग्राहक फ्रँक हार्ट (१९३३-२००५) यांनी त्याचे उत्तर लोकगीतांत शोधले. सत्ताधारी इतिहास लिहितात आणि सोसणारे गीते रचतात, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. या प्रतिपादनाचे सामर्थ्य व मर्यादा त्यांच्या जीवनकार्याच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जीवनपट

हार्ट यांचा जन्म डब्लिनलगतच्या, लिफी नदीकाठी वसलेल्या चॅपेलिझॉड या गावी झाला. वडिलांचे तेथे मद्यगृह होते. रॉसकॉमन परगण्यातील बॉइल येथील जत्रेत गीतांचे छापील कागद विकणाऱ्या एका भटक्या गायकाचे गाणे त्यांच्या कानी पडले आणि तेथूनच त्यांना या परंपरेची ओढ लागली. व्यवसायाने ते वास्तुविशारद होते. डब्लिनमधील बोल्टन स्ट्रीट येथील तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी अध्यापनही केले. म्हणजे संग्रहकार्य हा त्यांच्या उपजीविकेचा भाग नव्हता. तो आयुष्यभर जपलेला व्यासंग होता.

संग्रह व गायन

त्यांच्या संग्रहात १५ हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे होती. मात्र हा संग्रह त्यांनी कुलूपबंद ठेवला नाही. नव्या गायकांना ते गीते मुक्तहस्ते देत. वाद्यांच्या साथीविना, डब्लिनच्या अस्सल उच्चारांत गाणे ही त्यांची ओळख होती. १९७८ मध्ये डब्लिनच्या गीतांचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे संगीतकार डोनल लनी यांच्या साहाय्याने त्यांनी विषयवार ध्वनिमुद्रिका सिद्ध केल्या : १७९८ चा उठाव (१९९८), नेपोलियन (२००१), महादुष्काळ (२००४) आणि आयरिश श्रमिक. यांतील शेवटची ध्वनिमुद्रिका त्यांच्या निधनानंतर, २००७ मध्ये प्रकाशित झाली.

गीत : कशाचा पुरावा?

नेपोलियनविषयक गीते या संदर्भात विशेष उद्बोधक आहेत. ऑगस्ट १७९८ मध्ये सुमारे एक हजार फ्रेंच सैनिक मेयो परगण्यात उतरले, तेव्हा नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर होता. आयर्लंडच्या भूमीवर त्याने कधी पाऊल ठेवले नाही. तरीही आयरिश गीतांत तो मुक्तिदाता म्हणून येतो आणि वॉटर्लूच्या पराभवानंतरही त्याच्याविषयीची हळहळ गायिली जाते. घटनाक्रमाच्या दृष्टीने अशी गीते विश्वसनीय ठरत नाहीत. परंतु पराभूत जनतेने आपली आशा कोणावर खिळवली होती, याचा त्यांहून प्रत्ययकारी पुरावा क्वचितच सापडेल.

महादुष्काळाबाबतही असेच म्हणता येते. आयर्लंडची लोकसंख्या १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख होती. १८५१ मध्ये ती सुमारे ६५.५ लाखांवर आली. हे आकडे हानीचे परिमाण सांगतात. घरातून हुसकावलेल्या कुळाची वा जहाजावर चढणाऱ्या स्थलांतरिताची मनोवस्था मात्र त्यांतून कळत नाही. ती गीतांत शोधावी लागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गीत मुखोमुखी फिरताना बदलते. अनेक गीते घटनेनंतर दीर्घ काळाने रचली जातात, आणि सोसणाऱ्यांच्या नावाने इतरांनीही ती रचलेली असतात. म्हणून गीत हे दस्तऐवजाला पर्याय ठरत नाही. दोहोंची परस्परांशी पडताळणी करणे, हीच अभ्यासाची योग्य दिशा होय.

समारोप

हार्ट यांना २००३ मध्ये पारंपरिक गायकासाठीचा ‘ग्रादम क्योल’ हा राष्ट्रीय पातळीवरील सन्मान लाभला. जून २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे मोल केवळ ध्वनिमुद्रणांच्या संख्येवरून ठरत नाही. गीत संग्रहात जाऊन थांबले, तर ते अवशेष होते; नव्या कंठाने ते उचलले, तरच ते स्मृती म्हणून टिकते. संग्राहक आणि गायक या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने निभावल्यामुळे हार्ट यांना हे सत्य प्रत्यक्ष आचरणातून सिद्ध करता आले.