लाकडी बदकांचं गाव

बंदूक मी फक्त जत्रेत फुगे फोडायला हातात धरली आहे. पाणथळीवरच्या पक्ष्यांवर दुर्बिणीखेरीज काही रोखावं असं कधी वाटलं नाही. तरीही खऱ्या बदकांना फसवण्यासाठी अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी घडवलेल्या लाकडी बदकांचं, म्हणजे डिकॉयचं, मला वर्षानुवर्षं वेड आहे. खाली पाण्यावर आपले भाईबंद निवांत तरंगताना दिसले की उडता थवा बेफिकीर उतरतो. सगळी कारागिरी बदकांच्या या एका सवयीवर उभी आहे.

इतिहास उरकून टाकतो. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेच्या उत्खननात १९२४ साली लव्हाळ्याची ११ बदकं सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. काही रंगवलेली, काहींना पिसं लावलेली. पुढे हेच काम लाकडात होऊ लागलं. एकोणिसाव्या शतकात बदकं मारून पिंपंच्या पिंपं शहरातल्या हॉटेलांना पाठवण्याचा धंदा फोफावला, तसा डिकॉयचाही खप वाढला; १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने तो धंदा मोडला. जिवंत बदकं पाण्यात बांधून रानातल्यांना बोलावून घेण्याचीही रीत होती. आपल्याकडे पारधी पिंजऱ्यातल्या तित्तराकडून हेच काम करून घेत. अमेरिकेत त्यावर १९३५ साली बंदी आली. झाला इतिहास.

आता माझं आवडतं गाव. मेरीलँडला लेकीकडे गेलो की जावयाला गाडी हॅव्हर डी ग्रेसकडे वळवायला लावतो. वॉशिंग्टनची संग्रहालयं सोडून पुन्हा तिथेच काय जायचं, असं तो म्हणतो. मी ऐकत नाही. सस्क्वेहॅना नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथे हे गाव आहे. समोर मैलोन् मैल उथळ पाणी आणि तळाशी रानसेलरी नावाचं पाणगवत. त्या गवताच्या ओढीने हिवाळ्यात इथे कॅनव्हासबॅक बदकांचे प्रचंड थवे उतरत. हे बदक आपल्या उजनी-जायकवाडीवर येणाऱ्या लालसरीचं जवळचं नातलग. डोकं तसंच तांबूस.

इथल्या शिकाऱ्यांनी एक अचाट युक्ती काढली होती. शवपेटीच्या आकाराची पेटी पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवायची, आत उताणं पडून राहायचं आणि भोवती शेकडो डिकॉय सोडायचे. पेटी योग्य तेवढीच बुडावी म्हणून तिच्या फळ्यांवर बिडाची जड बदकं ठेवत. ही पेटीही १९३५लाच बंद झाली. आणि या गावचा सर्वांत नावाजलेला डिकॉय-कारागीर आर. मॅडिसन मिचेल (१९०१–१९९३) पेशाने होता अंत्यसंस्कार व्यवस्थापक! त्या कामातून सवड मिळाली की गडी बदकं घडवायचा. याच राज्यातल्या क्रिसफिल्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे तितकेच थोर बंधू न्हावी होते. कलाशाळेत जाऊन डिकॉय शिकलेल्यांपेक्षा ही मंडळी मला जास्त भरवशाची वाटतात.

अंगासाठी सीडर किंवा पांढरा पाइन: हलकं आणि पाण्याला दाद न देणारं लाकूड. आधी कुऱ्हाडीने ओबडधोबड आकार, मग दोन मुठींचं पातं आपल्याकडे ओढत पाठीची गोलाई. मिचेल पुढे अंगं लेथवर काढू लागला, पण डोकी हातानेच कोरायची. लाकडाचे रेषे चोचीच्या लांबीने गेले पाहिजेत, आडवे आले तर पहिल्याच धक्क्यात चोच गेली. पोटाला शिशाचं वजन, दोरीसाठी कडी. पाण्यात उलटं फेकलेलं बदक आपोआप सुलटं झालं तरच पास! रंगात चमक अजिबात नको, कारण वरून येणाऱ्या पाखराला ती लगेच खटकते.

खरी गंमत दुरुस्तीत आहे. ही बदकं शोभेची नव्हती. पोत्यात कोंबली जायची, होडीत आपटायची, अधूनमधून छर्रेही खायची. हंगाम संपला की मालक हाती लागेल त्या रंगाचा हात फिरवायचा. त्यामुळे कारागिराचा मूळ रंग कित्येकदा चार-पाच थरांखाली गाडलेला असतो. चांगला दुरुस्तीकार आधी काहीच करत नाही, नुसता बघतो. अतिनील दिव्याखाली मागाहून लावलेला रंग वेगळा दिसतो. एक्स-रेमध्ये खिळे, रुतलेले छर्रे आणि मानेचा जोड उघडा पडतो. मग शस्त्रक्रियेचं पातं घेऊन वरचा थर कणाकणाने, कोरडाच खरवडायचा. द्रावक लावला तर वरच्याबरोबर खालचाही रंग निघून येण्याची भीती. एका दुरुस्तीकाराच्या टेबलाशी मी बसलो होतो. अख्ख्या दुपारी गालाचा रुपयाएवढा तुकडा मोकळा झाला, आणि खालचा तांबूस रंग पाहून मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

नवा रंग भरायचा तो फक्त उडालेल्या जागी, आणि पुढच्या माणसाला तो काढता आला पाहिजे. चोच तुटली असेल तर? एक पक्ष म्हणतो, नवी जोडा. दुसरा म्हणतो, हात लावू नका. मी दुसऱ्यांतला. छर्ऱ्यांची भोकं बुजवणाऱ्यांना तर मी माफच करत नाही. बदकाने नोकरी केली याची ती खूण आहे.

हा वाद पैशाचाही आहे. केप कॉडच्या एल्मर क्रोवेल या कारागिराची दोन डिकॉय २००७ साली प्रत्येकी ११.३ लाख डॉलरना विकली गेली. अशा बाजारात मूळ रंगाचा टवकासुद्धा मोलाचा असतो. म्हणून चांगल्या लिलावाच्या सूचीत मान कुठे सांधली, शेपटी किती नवी, हे प्रत्येक बदकापुढे स्पष्ट लिहिलेलं असतं. लपवून विकलेली नवी चोच पुढच्या गिऱ्हाइकाच्या एक्स-रेत दिसतेच, आणि मग बदक जातं वकिलांच्या टेबलावर.