श्रद्धा आणि पंगत : इरावती कर्वे यांचे चिंतन

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्यानजीकच्या डोंगरदरीत कपिलधार हे क्षेत्र वसले आहे. येथील धबधब्याच्या सान्निध्यात ‘परमरहस्य’कार वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस गावोगावच्या दिंड्या पायी येतात. अशा पदयात्रेकडे आपण श्रद्धेचा सोहळा म्हणूनच पाहतो. परंतु पदयात्रा ही नीतीचीही कसोटी असते, हे डॉ. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीविषयी लिहिताना दाखवून दिले.

ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेल्या इरावतीबाई भारतातील आद्य महिला मानवशास्त्रज्ञ होत. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केल्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. ज्या प्रदेशातील लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या सर्वश्रुत आहे. मात्र ज्या ‘वाटचाल’ या लेखात ती आली, त्यातील अस्वस्थता तितकीशी स्मरणात राहिलेली नाही.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर चालताना त्यांनी पाहिले की, दिवसभर एकाच दिंडीत तेच अभंग गाणाऱ्या ब्राह्मण व मराठा स्त्रिया मुक्कामी मात्र वेगवेगळ्या चुलींवर स्वयंपाक करीत व वेगळ्या पंगतीस बसत. इरावतीबाई मराठा स्त्रियांच्या पंगतीस जेवल्या. त्यानंतर त्या स्त्रिया मोकळ्या झाल्या. त्यांना ‘ताई’ म्हणू लागल्या, पुण्यास भेटावयास येऊ म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीने विचारले, की तेथेही आपण आमच्याशी अशाच वागाल ना? हा साधा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला. विदुषीने तो प्रांजळपणे नोंदविला, हे आम्हांस तिच्या विद्वत्तेइतकेच मोलाचे वाटते. शतकानुशतके शेजारी राहूनही माणसे परकीच का राहतात, हा त्यांच्यापुढील पेच होता. यात्रेतील पाणवठा, अन्नछत्र व मुक्काम यांची व्यवस्था पाहणाऱ्या ग्रामपंचायतींना हा पेच अपरिचित नसावा.

१९६७ साली प्रसिद्ध झालेल्या व पुढील वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या ‘युगान्त’ या ग्रंथात त्यांनी हीच दृष्टी महाभारताकडे वळविली. भीष्मांच्या प्रतिज्ञेचा गौरव परंपरेने पुष्कळ केला. इरावतीबाईंनी त्या प्रतिज्ञेचे मोल अंबेसारख्या स्त्रियांना कसे चुकवावे लागले, ते मांडले. खांडववनाच्या दहनाविषयी लिहिताना कृष्णार्जुनांच्या पराक्रमापेक्षा त्या अग्नीत होरपळलेल्या प्राणिमात्रांकडे व वनवासी नागांकडे त्यांचे लक्ष गेले.